बिबट्याचा शेजार : मेत्ता आणि अप्पमाद

कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आज मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या वनाला तीन बाजूंनी महानगराने वेढलेले असून त्यात बिबट्यांचा वास आहे. जुन्नर परिसरातील दोनशेहून अधिक लेण्यांच्या पायथ्याशी उसाची शेती पसरली आहे आणि त्या उसात बिबट्याची मादी पिलांना जन्म देते. या शेजारातून माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, बळी गेले आहेत. सर्व प्राणिमात्रांविषयी मेत्ता बाळगावी, हे वचन ज्या मातेचे मूल गेले तिच्यापुढे कसे उच्चारावे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखात पालि साहित्यातील काही स्थळे आणि आपल्याच प्रदेशातील अलीकडचा अनुभव एकत्र ठेवून त्याचा विचार करावयाचा आहे.

विनयातील दृष्टी

अरण्यवासी भिक्खुसंघाला श्वापदांचा परिचय निकटचा होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग आहे. कोसल देशातून जाणाऱ्या एका भिक्खूला वाटेत हत्ती आडवा आला. वृक्षावर चढणे निषिद्ध असल्यामुळे तो झाडाखाली येऊनही वर चढला नाही. सुदैवाने हत्ती दुसऱ्या वाटेने निघून गेला. हे कळल्यावर भगवंतांनी त्याच्या धैर्याची प्रशंसा केली नाही, तर नियमच बदलला. प्रयोजन असल्यास पुरुषभर उंच आणि संकटात हवे तितके वर चढण्याची अनुज्ञा दिली. त्याचप्रमाणे महावग्गानुसार वर्षावासात श्वापदांचा उपद्रव झाल्यास भिक्खूंनी तो निवास सोडावा. त्यामुळे वर्षावासभंगाचा दोष लागत नाही. अहिंसा म्हणजे श्वापदाच्या स्वाधीन होणे, असा अर्थ विनयाला मान्य नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महावग्गातीलच दुसरे स्थळ अधिक उद्बोधक आहे. सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि तरस यांचे मांस भिक्खूंना वर्ज्य केले, त्यामागे दिलेले कारण व्यावहारिक आहे. ते मांस खाल्लेल्या भिक्खूंवर त्या गंधामुळे ती श्वापदे चालून गेली. येथे श्वापदाला दुष्ट ठरविलेले नाही. आपल्या कोणत्या आचरणाने ते आपल्याकडे ओढले जाते, याचा शोध घेऊन ते आचरण थांबविले आहे.

सर्पदंशाने एक भिक्खू मरण पावला त्या प्रसंगी उपदेशिलेले खन्धपरित्तही याच अंगाने पाहावे. त्यात विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हागोतमक या चार नागकुलांविषयी मेत्ता व्यक्त केली आहे. मात्र परित्ताच्या अखेरीस त्या जीवांनी माघारी जावे, अशीही इच्छा आहे. मेत्ता आणि अंतर यांत येथे विरोध मानलेला नाही.

व्यग्घजातक

जातक क्रमांक २७२ मध्ये एका वनातील दोन वृक्षदेवतांची कथा येते. त्या वनात सिंह आणि वाघ राहत. त्यांनी टाकलेल्या अवशेषांनी दुर्गंधी पसरे. पण त्यांच्याच भीतीने माणसे वनात पाऊल ठेवीत नसत. एका अविवेकी देवतेने, दुसरीने निवारूनही, भयंकर रूप घेऊन त्या दोघांना हुसकावून लावले. श्वापदांच्या पाऊलखुणा दिसेनाशा झाल्याचे पाहून लोक कुऱ्हाडी घेऊन आले आणि थोड्याच दिवसांत वन तोडून तेथे शेती झाली. परत येण्याची देवतेची विनवणी सिंह-वाघांनी नाकारली.

जुन्नरचा अनुभव

या कथेची आठवण व्हावी असा प्रकार जुन्नर वनविभागात घडला. सन २००१ ते २००३ या काळात तेथे अनेक बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी सुमारे ४ होती. स्थलांतराच्या काळात ती सुमारे १७ झाली. बिबट्याला स्वतःचा प्रदेश असतो. अपरिचित जागी सोडलेला प्राणी बिथरतो, परतीची वाट शोधत वस्त्यांतून भटकतो, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येऊन राहतो. म्हणजे संकट दूर होत नाही, ते विखुरते.

अकोले तालुक्यातील त्यांच्या पुढील अभ्यासाने आणखी एक समजूत दूर केली. मोठे वन्य भक्ष्य जवळजवळ नसलेल्या त्या शेतीप्रदेशात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. असा बिबट्या वाट चुकून गावात आलेला नसतो. तो तेथेच राहणारा असतो. कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. महावग्गातील गंधाचा दृष्टांत येथे अक्षरशः लागू पडतो.

अप्पमादाचे आचरण

यावरून कर्तव्ये निश्चित होतात. कचरा उघड्यावर टाकू नये; शेळ्या-वासरे रात्री भक्कम, बंदिस्त गोठ्यात बांधावीत. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. बाहेर जाणे भाग असल्यास उजेड घेऊन, बोलत, समूहाने जावे. उघड्यावर शौचास बसलेला माणूस खाली वाकलेल्या भक्ष्यासारखा दिसतो, म्हणून घराजवळचे शौचालय हे येथे प्राणरक्षणाचे साधन आहे. ऊसतोडीत पिले सापडल्यास ती उचलू नयेत. मादी बहुधा रात्री परत येते. बिबट्या दिसल्यास भोवती गर्दी करू नये. कोंडीत सापडलेला प्राणीच अधिक घातक होतो. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एवढी दक्षता घेऊनही एखादा बिबट्या माणसांवर वारंवार हल्ला करू लागला, तर त्याला पकडण्यावाचून गत्यंतर नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यातही मानवी जीवितास धोकादायक प्राण्यासाठी तशी तरतूद आहे.

मात्र या दक्षतेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बंगल्यात राहणाऱ्याला दार लावून घेता येते. फडाच्या कडेला कोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुराला दारच नसते. म्हणून कोप्यांना आडोसा, वस्तीला दिवे आणि शौचालये देणे हे कारखान्याचे, ग्रामपंचायतीचे आणि शासनाचे दायित्व आहे. ज्या मातेचे मूल गेले, तिच्याकडून मेत्तेची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुढचे मूल जाऊ नये यासाठी समाजाने अप्पमादाने वागावे, हाच तिच्याविषयीच्या आणि त्या मुक्या जीवाविषयीच्याही मेत्तेचा अर्थ आहे.