एअर सस्पेन्शनमध्ये चेक व्हॉल्व्ह नेमका कुठे?

चेक व्हॉल्व्ह हवेला एकाच दिशेने जाऊ देतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण सर्किट काढायला बसलं की प्रश्न पडतो: बसवायचा कुठे? प्रत्येक नळीला एकच विचारा, इथून हवा कधी उलटी यायला हवी का?

कॉम्प्रेसर ते टाकी: कधीच नको. म्हणून इथे व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर टाकी बंद कॉम्प्रेसरमधून गळत राहते. कॉम्प्रेसर दोन असतील तर प्रत्येकाला वेगळा. हेड चांगलंच तापतं, म्हणून तो शक्यतो टाकीच्या बाजूला बसवा.

टाकी ते सोलेनॉइड ब्लॉक: समजा टाकीत ५ बार आहे आणि बॅगमध्ये ७. 'वर'चं बटण दाबलंत तर गाडी उलट खाली बसेल! इथेही व्हॉल्व्ह लावा. मात्र बॅगमधली हवा टाकीत परत घेणारी क्लोज्ड सिस्टिम असेल, तर हाच व्हॉल्व्ह आडवा येतो.

ब्लॉक ते बॅग: इथे अजिबात नको. गाडी खाली घेताना हवा याच नळीने परत येते.

म्हणून सिम्युलेशन उघडण्याआधी तक्ता करा: ओळींत नळ्या, रकान्यांत भरणे, धरणे, सोडणे. प्रत्येक चौकटीत बाण काढा. सगळे बाण एकाच दिशेचे असतील, तिथेच चेक व्हॉल्व्ह.