दाली : युन्नानच्या पर्वतांतील गंधार

पालि वाङ्मय वाचताना ‘गंधार’ हा शब्द आला की आपल्या मनासमोर तक्षशिला, पुष्कलावती आणि सिंधूच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश उभा राहतो. अंगुत्तर निकायातील सोळा महाजनपदांत गंधार आहे. मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी जेथे धम्मप्रसारक पाठविले त्या प्रदेशांच्या महावंसातील यादीत, आपल्या महारट्ठाबरोबर, कस्मीर-गंधारही आहे. त्यामुळे ब्रह्मदेशाची राजवृत्ते प्रथम हाती घेतली तेव्हा आम्ही काहीसे गोंधळलो. पगानचा राजा अनिरुद्ध (ब्रह्मी उच्चार अनवरथा) बुद्धांचा दंतधातू मिळविण्यासाठी सैन्यासह ‘गंधाल’ देशी गेला, असे तेथे सांगितले आहे. पगानहून सिंधूच्या काठी सैन्य कसे नेणार? उत्तर असे की हा गंधार वायव्येचा नव्हे. तो ब्रह्मदेशाच्या ईशान्येस, आज चीनच्या युन्नान प्रांतात मोडणाऱ्या डोंगराळ मुलुखात होता, आणि त्याची राजधानी होती दाली.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर हे नगर वसले आहे. पश्चिमेस त्सांगशान पर्वताची रांग आहे. तिची १९ शिखरे आणि त्यांमधून उतरणारे १८ ओढे तेथील लोक तोंडपाठ सांगतात. सर्वांत उंच शिखर ४,१२२ मीटरचे आहे. पूर्वेस सुमारे २५० चौरस किलोमीटरचे अर्हाई सरोवर पसरले आहे. त्याचा आकार कानासारखा, म्हणून नावातही कान आहे. सरोवराचे पाणी दक्षिण टोकाने बाहेर पडून अखेर मेकाँग नदीस मिळते. पर्वत आणि पाणी यांमधील अरुंद सुपीक पट्टीत बाय लोकांची भातशेती आणि खेडी आहेत. बाय म्हणजे पांढरा. त्सांगशानच्या संगमरवराची ख्याती एवढी, की चिनी भाषेत संगमरवराला ‘दालीचा दगड’ असेच म्हणतात. जुने तटबंदीचे गाव लहान आहे. शासकीय कारभार सरोवराच्या दक्षिण टोकावरील शियाग्वान या नव्या वस्तीतून चालतो. १९५६ साली स्थापन झालेल्या बाय स्वायत्त प्रभागाचे ते मुख्य ठाणे होय.

एवढ्या आडवळणाच्या जागी बौद्ध राज्य कसे उभे राहिले, हे वाटांवरून कळते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हान सम्राटाचा दूत जांग छ्येन बाल्हीक देशी पोहोचला, तेव्हा तेथील बाजारात त्यास सिचुआनचे कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. त्या भारतातून आल्या, असे व्यापाऱ्यांनी सांगितले. सातव्या शतकात ह्युएनत्संग कामरूपात असताना, तेथून सिचुआनची सीमा सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासाइतकी दूर आहे, पण वाट फार बिकट आहे, असे त्याने नोंदविले. आसाम व ब्रह्मदेश यांतून सिचुआनकडे जाणाऱ्या या वाटा ज्या मुलुखातून जात, त्यातच दाली आहे.

७३८ साली थांग दरबाराने येथील पिलोगे या राजाला मान्यता दिली आणि नान्झाओ राज्य उदयास आले. लवकरच बिनसले. ७५१ व ७५४ साली आलेल्या थांग सैन्यांचा नान्झाओने धुव्वा उडविला. या राज्याचा इतिहास सौम्य नव्हता. ८३२ साली त्याच्या फौजांनी ब्रह्मदेशातील प्यू लोकांची राजधानी लुटली. प्यू हेही बौद्धच होते, हे येथे विसरू नये. ९०२ साली तो वंश संपला, ९३७ साली द्वान घराण्याने दाली राज्य स्थापिले, आणि ते १२५३ साली कुबलाई खानाच्या मंगोल सैन्यापुढे पडेपर्यंत टिकले. या घराण्याच्या बावीसएक राजांपैकी नऊ-दहा जणांनी सिंहासन सोडून चीवर धारण केले. त्या सर्वांना वैराग्यानेच विहारात नेले, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पण पदच्युत राजाला कारागृहाऐवजी विहार दाखविणारी रीत एखाद्या समाजाच्या मनाविषयी काही सांगते.

आता त्या नावाकडे वळू. नान्झाओच्या राजाने ‘महाराज’ ही पदवी चिनी लिपीत उच्चारानुसार लिहून घेतली. ८९९ सालच्या एका चित्रपटात या राज्याच्या स्थापनेची कथा आहे. अवलोकितेश्वर भारतीय भिक्षूच्या रूपाने येतो, एका गरीब घरी भिक्षा मागतो, आणि त्या घराला राज्य मिळते. या अवलोकितेश्वराचे स्थानिक नाव ‘अत्सोये’ असे आहे. त्याच्या मुळाशी ‘अजय’ हा शब्द असावा, असे अभ्यासक मानतात. हेलन चापिन या विदुषींनी १९४४ साली या मूर्तींवर सविस्तर लिहिले. सडपातळ देह, उघडी छाती आणि उंच जटामुकुट हे त्यांचे रूप चिनी परंपरेपेक्षा आग्नेय आशियाशी अधिक जुळते.

सरोवराच्या ईशान्येकडील एका पर्वताला ‘कोंबड्याचा पाय’ अर्थात कुक्कुटपाद म्हणतात. महाकाश्यप स्थविर बुद्धांचे चीवर घेऊन मैत्रेयाची वाट पाहत येथेच बसले आहेत, अशी श्रद्धा आहे. फाहियान व ह्युएनत्संग यांनी हा पर्वत मगधात सांगितला आहे. पालि संयुत्त निकायात बुद्ध व महाकाश्यप यांच्या चीवरांच्या अदलाबदलीचा प्रसंग आहे. पर्वतातील प्रतीक्षा मात्र निकायांत नाही. पुढील काळात तर राजवंशाचे मूळ सम्राट अशोकापर्यंत नेले गेले. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील धम्मविजयाच्या प्रदेशांत युन्नान नाही, महावंसाच्या यादीतही नाही. हे नाते ऐतिहासिक नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मग ते खोटे म्हणून सोडून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. उत्तरेस थांग आणि वायव्येस तिबेट, अशा दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत हे राज्य सापडले होते. थांगांच्या लेखी हे लोक सीमेवरचे रानटी. त्यांनी आपली प्रतिष्ठा थांग दरबाराकडून उसनी न घेता थेट बुद्धांच्या भूमीशी जोडली. आपली वंशावळ दुसऱ्याने लिहावी, हे त्यांनी नाकारले.

एका ठिकाणी मात्र आमची लेखणी थबकते. दालीतील धम्माची सूत्रे ‘अझाली’ या वर्गाच्या हाती होती. हा शब्द आपल्या आचार्याचाच अपभ्रंश. विनयात ‘आचरिय’ म्हणजे किमान दहा वर्षावास झालेला, शिष्यास शिकविण्यास समर्थ असलेला भिक्खू. दालीचे अझाली गृहस्थ होते. मंत्र, अभिषेक आणि मृताचे विधी त्यांच्याकडे होते, आणि ती विद्या बापाकडून मुलाकडे जाई. जे पद योग्यतेचे ते जन्माचे झाले. १३८२ साली मिंग सैन्याने दाली जिंकल्यावर त्यांच्यावर सरकारी देखरेख आली, पुढे छिंग राजवटीत बंदी आली. तरी खेड्यांतून त्यांचे विधी टिकले. युन्नानच्याच दक्षिणेस शिश्वांगबान्ना येथील दाइ लोकांत पालि तिपिटकाची परंपरा आजही आहे. दालीत ती रुजली नाही.

नगरातील तीन चैत्य अजून उभे आहेत. मधला नवव्या शतकातील, १६ मजली आणि सुमारे ६९ मीटर उंच. बाजूचे दोन ४२ मीटरांचे. १९२५ च्या भूकंपात गावाची मोठी हानी झाली, चैत्याचा कळस पडला, पण चैत्य पडला नाही. १९७८ साली दुरुस्ती करताना त्याच्या आत शेकडो वस्तू मिळाल्या. मूळ विहार नष्ट झाला होता. आज दिसणारा २००५ साली नव्याने बांधलेला आहे. २०१८ पासून वेगवान रेल्वे आल्याने प्रवाशांची रीघ लागते. त्याची किंमत सरोवराने मोजली. पाणी शेवाळाने बिघडू लागले, तेव्हा २०१७ साली काठावरील असंख्य खानावळी व अतिथिगृहे शासनास बंद करावी लागली.

अभ्यासकाने दालीस जावे, पण कागदपत्रांसाठी नव्हे. ८९९ सालचा चित्रपट जपानात क्योटो येथे आहे. ११७० नंतरच्या दशकात जांग शेंगवेन याने रंगविलेला बुद्ध-बोधिसत्त्वांचा दीर्घ पट तैपेईच्या संग्रहालयात आहे. चैत्यातून निघालेली अजय अवलोकितेश्वराची सुवर्णमूर्ती प्रांतिक संग्रहालयात, कुनमिंगला गेली. दालीत चैत्य आहेत, कुक्कुटपाद आहे, आणि तिसऱ्या चांद्रमासात त्सांगशानच्या पायथ्याशी भरणारी अवलोकितेश्वराच्या नावाची जत्रा आहे. तेथे घोडे आणि औषधी वनस्पती विकण्यासाठी डोंगरांतून लोक अजूनही उतरतात.