आधुनिक वारली चित्रकलेतील पारंपरिक प्रतीके : लग्नचौकाच्या संदर्भात
वारली समाजात लग्नचौक ही सजावट नव्हे, तो विवाहविधीचाच भाग होय. सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकट रेखाटतात. तिच्या मध्यभागी सुफलनाची देवता पालघट विराजमान होते आणि धवलेरी गीते गाते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. कागदावर मात्र लग्न लागत नाही. साहजिकच प्रतीकांचा अर्थ पालटला. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८, पद्मश्री २०११) यांच्या चित्रांत मासेमारीचे जाळेच संपूर्ण अवकाश व्यापते. दोन त्रिकोणांची मानवाकृती आणि तारपा नृत्याचे वलय टिकून राहते. याला ऱ्हास म्हणणे अन्यायाचे ठरेल. येथे प्रतीक विधीतून सुटून कथनाकडे वळले आहे.

खरी हानी अन्यत्र आहे. साड्यांच्या काठांवर व चहाच्या कपांवर चौकट उरते, पालघट नाहीशी होते. २०१४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने शैलीच्या नावास संरक्षण लाभले. चौक लिहिणाऱ्या सवाष्णींचा विधीतील अधिकार त्याच्या कक्षेत येत नाही.