विडी कामगार भगिनींचे मन आणि पोषण

सोलापूर म्हटले की चादरी, टॉवेल आणि सिद्धेश्वराची यात्रा डोळ्यांसमोर येते. परंतु या नगरीतील हजारो संसार ज्या हातांनी सावरले, ते हात विडी वळणाऱ्या भगिनींचे आहेत. मांडीवर सूप घेऊन दारात बसलेली महिला हे शहराच्या पूर्व भागातील नेहमीचे दृश्य होय. पाने भिजवावयाची, कापावयाची, तंबाखू भरून विडी वळावयाची, दोरा बांधावयाचा आणि तयार माल कारखान्याच्या शाखेत पोहोचवावयाचा, हा तिचा दिनक्रम. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. शाखेत खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम मात्र वाया जातात.

या भगिनींच्या निवाऱ्याकडे शासनाचे लक्ष गेले आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये आकारास आली. असंघटित कामगारांसाठीच्या रे नगरमधील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द करण्यात आली. घराच्या चार भिंतींआड जे दुःख मुकाट्याने सोसले जाते, त्याची दखल घेण्याचे काम मात्र अद्याप पुष्कळसे बाकी आहे.

दवाखान्यात आलेली महिला "माझे मन उदास आहे" असे सहसा सांगत नाही. डोके जड होते, हातपाय गळतात, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, अशा तिच्या तक्रारी असतात. यांपैकी बऱ्याच तक्रारी रक्तक्षयाच्याही असू शकतात आणि औदासीन्याच्याही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते औदासीन्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दीडपट आढळते. तेव्हा नुसते टॉनिक देऊन परत पाठवणे जसे अपुरे, तसेच रक्ततपासणी न करता नुसता धीर देणेही अपुरेच.

विचारांची साखळी

मनाच्या उपचारासाठी आज जगभर मान्यता पावलेली एक पद्धत म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धती. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि डॉ. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्याकडे जाते.

समजा, एखाद्या भगिनीच्या बऱ्याच विड्या शाखेत नापसंत झाल्या. "माझ्या हातून काहीच धड होत नाही, माझ्यामुळे पोरांचे वाटोळे होणार," असा विचार क्षणार्धात तिच्या मनात येतो. त्या भरात ती जेवण टाळते, शेजारणीकडे जाणे सोडते. दुसऱ्या दिवशी हात मंदावतो, मजुरी आणखी घटते आणि मूळचा विचार तिला खराच वाटू लागतो. समुपदेशिका येथे उपदेश करीत नाही. ती प्रश्न विचारते. किती विड्या परत आल्या आणि किती पसंत झाल्या? पाने कशी मिळाली होती? हीच गोष्ट शेजारणीच्या बाबतीत घडली असती, तर तिला तुम्ही काय म्हटले असते? घडलेली गोष्ट आणि आपण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष यांतील अंतर अशा रीतीने हळूहळू ध्यानात येते. त्याच्या जोडीला एखादी छोटी कृती ठरवली जाते; उदाहरणार्थ, सकाळी वेळेवर न्याहारी करणे किंवा सायंकाळी दहा मिनिटे मैत्रिणीकडे जाऊन बसणे. मजुरी अपुरी असेल, तर ती विचार बदलल्याने वाढत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नवऱ्याच्या मारहाणीवरही हा उतारा नाही. तेथे कायद्याचेच साहाय्य घ्यावयास हवे.

या उपचारास मोठ्या पदवीचीच आवश्यकता असते असे नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर घरोघरी जाऊन तो दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी औदासीन्य उरलेल्या मातांचे प्रमाण तेथे २३ टक्के होते. हा उपचार न मिळालेल्या गटात ते ५३ टक्के होते. आपल्या शेजारी गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून अशाच स्वरूपाचा, कृतीवर भर देणारा उपचार प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकरवी दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांना उतार पडला होता. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. गोव्यातीलच त्याआधीच्या एका अभ्यासात, बाळंतपणानंतर औदासीन्य आलेल्या मातांच्या अर्भकांत कमी वजनाचे प्रमाण अधिक आढळले होते. आईचे मन आणि बाळाचे पोषण यांचा संबंध इतका निकटचा आहे.

ताटातील लोह

सोलापूरचे अन्न मुळात कसदार आहे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तूर, मटकी, हुलगा, शेपू यांची येथे वाण नाही. वाण आहे ती गृहिणीच्या ताटात ते पडण्याची, कारण ती सर्वांत शेवटी जेवते आणि उरेल ते खाते. पालेभाजीवर वा उसळीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी अधिक लागते; जेवणासोबत घेतलेला चहा त्याच्या आड येतो. भूक मारण्यासाठी दिवसभर चहा पिणाऱ्या भगिनींना हे सांगणे अगत्याचे आहे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' हा लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक असलेला वाण विकसित केला आहे. परंतु डाळिंब मजुराच्या घरी रोज येणार नाही, लिंबू येऊ शकेल. आणि रक्तक्षय निश्चित झाल्यावर आहारासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्याही घ्याव्याच लागतात. पोषणाने अशक्तपणा हटतो, उपचाराला बळ मिळते. औदासीन्यावर तेवढे एकच औषध मानून चालणार नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे विनाविलंब जावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. पूर्व भागातील अनेक घरांची मातृभाषा तेलुगू आहे. या सेवेत मराठीप्रमाणेच तेलुगू आणि कन्नड भाषांचाही समावेश आहे.