बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका

"भाईजान आता चांगले आहेत, मग गोळी कशाला?" असे म्हणत आम्ही घरच्यांनीच त्यांची ओलान्झापिनची गोळी बंद केली. काही आठवड्यांतच त्यांची झोप उडाली, संशय परतला, कानात पुन्हा आवाज येऊ लागले. बरे वाटत होते ते गोळीमुळेच, हे आम्हाला उशिरा कळले.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात हे औषध देतात. त्याचे व्यसन लागत नाही. पण ते अचानक थांबवले तर आजार उलटू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू.

मात्र या गोळीने भूक वाढते. वजन, साखर, कोलेस्टेरॉलही वाढू शकते. म्हणून सुरुवातीलाच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. पहिले 3 महिने दरमहा वजन करावे. 3 महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे, नंतर निदान वर्षातून एकदा. फार तहान लागली, वारंवार लघवी होऊ लागली तर वाट पाहू नये. जोराचा ताप, अंग ताठणे आणि भ्रम दिसला तर तडक दवाखाना गाठावा. सिगारेट सोडणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. ती सोडल्यावर रक्तात औषधाचे प्रमाण वाढते.

रमजानपूर्वीही डॉक्टरांना भेटावे. रोजे ठेवावेत का, गोळी कधी घ्यावी, हे तेच सांगतील. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहेच.

आता अम्मी रोज इशानंतर स्वतः गोळी देतात, आणि भाईजानचे वजन आम्ही दरमहा कॅलेंडरवर लिहितो.