अंगावरचे तपकिरी डाग : लहानांचे आणि मोठ्यांचे

सेलूकडची एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आली. पोराच्या पाठीवर-पोटावर मसुराएवढे, वाटाण्याएवढे तपकिरी डाग. आई गप्प बसलेली. आजीने हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, महारोग तर नाही ना?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न ठरलेलाच. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली, दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ पासून आहे; तरीही चट्टा दिसला की घरादाराच्या पोटात गोळा येतो.

कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. इथे उलट होते. मी एक डाग बोटाने जरासा घासला, तर काही मिनिटांत तो लाल होऊन गांधीसारखा फुगला, आणि पोर खाजवू लागले. (घरी हा प्रयोग करू नये.) हा मॅस्टोसायटोसिस.

आपल्या कातडीत मास्ट पेशी असतात. त्यांत हिस्टामिन साठवलेले असते. अंगावर पित्त उठते ते बहुधा त्यामुळेच. या विकारात या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात. कारण बहुधा 'किट' नावाच्या जनुकातला बदल. तो बहुतेकांत गर्भ राहिल्यानंतर घडतो, म्हणजे आईबापांकडून आलेला नसतो. आणि हा विकार संसर्गाने पसरत नाही. सुनेने ग्रहणात भाजी चिरली होती, ही आजीची शंका तिथेच मिटवली.

लहान मुलांत डाग बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतात, कधी फोडही येतात. पण विकार सहसा कातडीपुरता राहतो आणि बऱ्याच मुलांत वयात येईपर्यंत डाग फिके पडतात किंवा जातात. यकृत-पाणथरी वाढलेली नसेल आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील, तर मुलाच्या हाडातला मगज काढून पाहण्याची सहसा गरज नसते.

मोठ्यांचे मात्र तसे नाही. पंचेचाळिशीतल्या एका शेतकऱ्याच्या मांड्यांवर असेच बारीक डाग कित्येक वर्षे होते. 'उष्णता' म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. गांधीलमाशी चावली आणि गडी बांधावरच कोसळला, रक्तदाब पार खाली गेला. वेळेवर मांडीत अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळाले म्हणून वाचले. प्रौढपणी उमटलेले असे डाग बहुधा आपणहून जात नाहीत, आणि बहुतेकांत हाडांच्या मगजातही या पेशी सापडतात. हाडे ठिसूळ होतात, जुलाब होतात, चेहरा एकाएकी लाल होतो. म्हणून मोठ्यांत रक्तातील ट्रिप्टेज, मगजाची तपासणी आणि हाडांची घनता पाहावी लागते. बहुतेकांचा विकार संथ असतो. थोड्यांतच तो उग्र होतो, आणि त्यासाठी आता नेमक्या जनुकदोषावर चालणारी औषधे निघाली आहेत.

हिस्टामिनविरोधी गोळ्या दोघांनाही लागतात. अॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामके, कोडीनचे खोकल्याचे औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा विकार आधीच सांगावा. कढत पाणी, दारू, घासणे टाळावे.

घासणे टाळा म्हणताच आजीचा चेहरा पडला. बाळाला रगडून मालिश आणि कढत पाण्याची अंघोळ हे तिचे रोजचे काम. शेवटी कोमट पाणी आणि हलक्या हाताने तेल, एवढ्यावर तडजोड झाली.