मोबाइलवरची मराठी आणि प्रकल्पांमधली देवाणघेवाण

‘विद्यार्थी’ हा शब्द साठवताना आधी व येतो, मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसते. र् साठवला जातो थ-च्या आधी, पण रफार उमटतो ‘थी’वर. ही जुळणी करणारं हार्फबझ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरतात. त्याचा मूळ कोड फ्रीटाइप प्रकल्पातला. पुढे पँगो आणि क्यूटी या प्रकल्पांत तो वेगवेगळा वाढला. अशा वेळी एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहू शकते. म्हणूनच दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणणं मोलाचं ठरलं.

पण नुसता कोड एकत्र करून भागत नाही. रफार कुठे बसवायचा, हे देवनागरी न वाचणाऱ्या डेव्हलपरला कसं कळणार? हार्फबझच्या कोडसोबत देवनागरीच्या चाचण्याही ठेवलेल्या आहेत. बदल करताना काही बिघडलं, तर चाचणी लगेच सांगते. मराठी जाणणाऱ्याचं ज्ञान असं सर्वांच्या हाती येतं.

‘एकच कोड सगळ्यांनी वापरला तर एक चूक सगळ्यांना भोवेल,’ हा आक्षेप खरा आहे. मात्र तिथे तपासणारे डोळेही जास्त असतात आणि दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचते. ‘दुरुस्तीचं कारण आणि चाचणी लिहायला वेळ कुठे?’ असंही म्हटलं जातं. पण तीच चूक प्रत्येक प्रकल्पाने नव्याने शोधण्यात याहून जास्त वेळ जातो. म्हणून दुरुस्तीसोबत कारण आणि चाचणी द्यायलाच हवी.